हलव्याचा काटा आणि गुलमर्गचा बर्फ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला 'काश्मीरचा प्रवास' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी गेले होते बर्फ पाहायला आणि आले हात हलवीत. न पाहिलेल्या गोष्टीवर कसे बोलायचे?" त्या म्हणाल्या, "तेच बोला. बर्फ पाहून आलेल्या बायका पुष्कळ आहेत. न पाहता आलेली आपल्या मंडळात तुम्ही एकट्याच." तेव्हा माझ्या फजितीचीच ही हकीकत आहे असे समजून ऐकावे. तिच्यात काही विचार करण्याजोगे आहे असे मला वाटले, म्हणून उभी राहिले.

प्रथम हलव्याची गोष्ट सांगते, कारण माझी बर्फाची गोष्ट हलव्यापासूनच सुरू होते.

आमच्या सासूबाई पौषात हलवा करायला बसत त्या पहाटे चारला. शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत खसखस किंवा तीळ, आणि शेजारी पातळ पाक. चमच्याने थेंब थेंब पाक घालायचा आणि बोटांनी हलवीत राहायचे. एका दिवसात काही होत नाही. तीन-चार दिवस हे चालते, तेव्हा कुठे दाण्यावर काटा उभा राहतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की हलवा आपण करीत नाही, थंडी करते. हवा थंड आणि कोरडी असली की पाक चटकन सुकतो आणि काटा येतो. हवा दमट नि उबदार असली की दाणे नुसते गुळगुळीत होऊन बसतात. वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर त्या दरवर्षी दोनच शब्द लिहीत, 'काटा आला' किंवा 'काटा नाही'. ती वही माझ्याजवळ आहे. जुन्या पानांवर 'काटा नाही' हे शब्द क्वचित सापडतात. पुढे माझ्या हातची पाने सुरू होतात, आणि त्यांत ते शब्द वरचेवर येऊ लागतात. आता एका घरच्या हलव्यावरून हवामानशास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. सासूबाईंचा हात माझ्या हाताला नाही, हेही मी कबूल करते. पण ती वही चाळताना मन थोडे चरकते, एवढे खरे.

आता बर्फाकडे वळते. आमचे हे रेल्वेत होते. भोर घाटात गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने असतात ना, त्यांवर त्यांची उमेद गेली. आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी दिनदर्शिका होती. वर्ष उलटून गेले तरी ती आम्ही काढली नाही, कारण तिच्यावर गुलमर्गचे चित्र होते. देवदार, उतरत्या छपराची घरे आणि सगळीकडे पांढरेशुभ्र. घाटातल्या पावसातून निथळत घरी आले की हे त्या चित्राकडे पाहून म्हणत, "आयुष्यभर पाण्यात भिजलो. एकदा बर्फात उभे राहू. निवृत्त झालो की जाऊ." निवृत्त झाले, पण मग घराचे काम निघाले, मुलाचे लग्न निघाले, आणि त्यानंतर ह्यांचा आजार निघाला. पोस्टात त्या नावाने ठेवलेले पैसे तसेच राहिले, आणि हे गेले.

माझी भाची तळेगावला कारखान्यात नोकरी करते. डोंगर चढण्याची तिला भारी हौस. राजमाची, तिकोना, ढाकचा बहिरी, सारे तिच्या पायांखालचे. तिने बर्फावरून घसरत जाण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, शिक्षणवर्ग गुलमर्गला नक्की केला होता. वर्षभराची रजा साठवून ठेवली होती. ती म्हणाली, "आत्या, काकांचे पैसे बँकेत ठेवून बर्फ दिसणार आहे का? चल माझ्याबरोबर." अशा रीतीने 2024 च्या जानेवारीत मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुण्याहून झेलम एक्सप्रेसमध्ये बसले. बरोबर तिळगूळ आणि हलव्याचा डबा होता. संक्रांत वाटेत येणार होती. त्या वर्षी हवा ढगाळ होती आणि हलव्याला काटा मुळीच आला नव्हता. तो शकुन मी तेव्हाच ओळखायला हवा होता!

जम्मूपासून पुढे श्रीनगर, तिथून टंगमर्ग. टंगमर्गला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात. मी विचारले, "बर्फ कितना है?" माझ्या हिंदीवर हसू नका, रेल्वेच्या वसाहतीतली हिंदी आहे ती. दुकानदार जमिनीकडे पाहत म्हणाला, "ऊपर थोडा होगा, माताजी." मी बूट घेतले, कोटही घेतला. वर पोचल्यावर पाहते तो काय, समोर पिवळट, करपल्यासारखे गवत! आपल्याकडे होळीच्या सुमारास ड्यूक्स नोजच्या वाटेवर जसे असते, अगदी तसे. त्या गवतावरून रबरी बुटांत चपक चपक करीत मी चालले, आणि घोडेवाले माझ्याकडे पाहत राहिले. देवदार तेच होते, उतरती छपरेही तीच होती. चित्रातला पांढरा रंग तेवढा कोणी पुसून टाकला होता.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंच आहे. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलाँ' म्हणतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे मोठे पर्व. त्यानंतर वीस दिवसांचे धाकटे आणि दहा दिवसांचे बाळ-पर्व येते. मोठ्या पर्वात पडलेला बर्फ टिकतो, आणि त्याच्यावर पुढचे वर्ष निघते. आम्ही पोचलो तेव्हा त्या चाळीस दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस कोरडे गेले होते. पाळण्यात बसून अफरवट पर्वतावर वर वर गेले, की उंची जवळजवळ 4,000 मीटर होते. तिथे तेवढे सावलीच्या घळींत पांढरे पट्टे दिसत होते.

भाचीचा वर्ग पुढे ढकलला गेला. यात कोणाचा दोष नव्हता, बर्फच नव्हता तर शिकवायचे कशावर? चार दिवस तिने गवतावर उभे राहून गुडघे वाकवण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव केला. संध्याकाळी खोलीत येऊन ती रडली. मी प्रथम मनात म्हटले, एवढ्या तेवढ्या खेळासाठी काय रडायचे? मग लक्षात आले, की मीही त्याच दुःखात होते, फक्त रडत नव्हते. हौस म्हणून आपण ज्याला हसतो, त्यात माणसाने वर्षभराचा जीव ओतलेला असतो. आणि भगिनींनो, हा खेळ आपल्या मुलींना परका नाही. 1988 साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार बर्फावरून उतरल्या. त्या खेळांत भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, आणि तो याच टंगमर्गच्या परिसरातला. गावाबाहेरच्या उतारावर बर्फ असला तर गावातले पोर ऑलिंपिकपर्यंत पोचते. उतारच उघडा पडला, तर पोराने शिकावे कुठे?

आमच्या उतरण्याच्या जागेशेजारी एक गृहस्थ रोज येऊन बसत. लाकडी घसरगाड्या ओढणे हा त्यांचा धंदा. प्रवाशाला गाडीवर बसवून दोरीने चढावर न्यायचे आणि उतारावरून घसरत आणायचे. त्यांची गाडी भिंतीला उलटी टेकवलेली होती. मी म्हटले, "भाईजान, धंदा कैसा है?" ते म्हणाले, "माताजी, बर्फ हमारी फसल है. इस साल बोई ही नहीं गई." थंडीच्या दोन-तीन महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्षाचा मोठा भाग काढायचा, असा त्यांचा हिशोब. मुलीच्या शाळेची फी थकली होती. मी सहज म्हटले, "मला त्या टेकाडापर्यंत फिरवून आणा, गाडीचे पैसे देते." ते माझ्याबरोबर चालत आले, देवदाराखालची जुनी वाट दाखवली, पण पैसे घेईनात. म्हणाले, "गाडी खींची नहीं, तो पैसा किस बात का?"

दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला, संक्रांत होती. त्यांच्या घरी मी तिळगूळ घेऊन गेले. काटा नसलेला हलवाही दिला. त्यांच्या पत्नीने फिरनच्या आत धरलेली कांगडी माझ्या हातात दिली, खारट चहा दिला आणि निघताना ओंजळभर अक्रोड माझ्या पदरात घातले. आपल्याकडे वाण देतात तसेच. मी हलव्याची सारी हकीकत सांगितली, की थंडी कमी पडली म्हणून हा असा झाला. त्यावर ती बाई हसली आणि म्हणाली, "तो आप के यहाँ भी बर्फ नहीं गिरी!" तेव्हा सगळेच हसलो. पण ते वाक्य मी लोणावळ्यापर्यंत बरोबर घेऊन आले.

परत आल्यावर मी भाचीला छळून छळून समजून घेतले, की हे असे का होते. मला जे समजले ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते.

काश्मीरचा बर्फ आपल्या पावसासारखा अरबी समुद्रावरून येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तानवरून ओलसर वारे येतात. त्यांना हवामानखाते पश्चिमी झंझावात म्हणते. ते हिमालयाला अडले की बर्फ पडतो. 2023 च्या डिसेंबरात आणि 2024 च्या जानेवारीच्या बहुतेक दिवसांत जोरदार झंझावात फारसे आलेच नाहीत. त्या साली प्रशांत महासागराचे पाणी तापण्याचा एल निनो नावाचा प्रकारही चालू होता. हा झाला एका वर्षाचा योग, असे योग पूर्वीही येत. पण त्याच्या खाली दुसरी गोष्ट आहे, आणि ती योगायोगाची नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, त्याने साऱ्या पृथ्वीचीच हवा तापत चालली आहे. 2024 हे वर्ष आपल्या देशात 1901 पासूनच्या नोंदींतले सर्वांत उष्ण ठरले, आणि जगातही मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून त्याची नोंद झाली.

आता तुम्ही म्हणाल, एका अंशाने काय होते? आपल्याला कळतही नाही. पण डोंगर चढताना दर 1,000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे हवा एका अंशाने तापली, की बर्फ टिकण्याची रेघ सुमारे दीडशे मीटर वर सरकते. आपण एकवीरेच्या पायऱ्या चढून जेवढे वर येतो, त्याहून थोडी अधिकच. त्या रेघेच्या खाली असलेल्या गावाला बर्फाऐवजी पाऊस मिळतो. शिवाय पांढरे लुगडे जसे उन्हात कमी तापते, तसा ताजा बर्फ ऊन परत फेकतो. तो गेला की खालची काळी माती ऊन पिते, जास्त तापते, आणि शेजारचा बर्फही वितळवते. दूध उतू जायला लागले, की जाते तेवढे जातेच. तसा हा प्रकार.

हे दुखणे एकट्या काश्मीरचे नाही. 1964 साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा बर्फ इतका कमी पडला, की सैनिकांनी डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला. गंमत अशी, की हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला खेळाडू, जेरेमी बुजाकोव्स्की, उतरला तोही तिथेच. तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. 2022 साली बीजिंगला मात्र जवळजवळ सारा बर्फ यंत्रांनी केलेला होता. 2023 च्या नव्या वर्षाच्या सुमारास युरोपच्या आल्प्स पर्वतात हिरव्या कुरणांतून यंत्राच्या बर्फाची एकेक पांढरी पट्टी काढून लोक त्यावर खेळत होते. आपल्याकडे उत्तराखंडात औलीला बर्फ करण्यासाठी मुद्दाम तळे बांधले आहे. परंतु या यंत्रांनाही पाणी लागते, वीज लागते, आणि मुख्य म्हणजे हवा गोठणबिंदूच्या आसपास किंवा खाली लागते. पाक आणि परात कितीही चांगली असली, तरी शेवटी काटा थंडीनेच यायचा.

आणि बर्फ म्हणजे नुसता खेळ नव्हे. तो रांजणात भरून ठेवलेले पाणी आहे. हिवाळ्यात साठतो आणि उन्हाळ्यात हळूहळू झेलमला, झऱ्यांना, भाताच्या खाचरांना देतो. तिथल्या जुन्या जातीच्या सफरचंदांच्या झाडांना हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी मिळाली नाही, तर बहर नीट येत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा प्रसिद्ध झरा आटला. मोगल बागेतला हा झरा, त्याच्या पाण्यावर गावे अवलंबून. हौशी माणसाचे डोळे आज पाणावले, तर उद्या कष्टकऱ्याचा हंडा रिकामा राहतो, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या मावळात या. आपल्याकडे बर्फ नाही, मग आपल्याला काय त्याचे? आपल्या मंडळातल्या दोन भगिनी गुलाबाच्या हरितगृहात कामाला जातात, त्यांना विचारा. तळेगाव आणि पवन मावळातला गुलाब फेब्रुवारीच्या 14 तारखेसाठी परदेशी जातो. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात झाडे बेताने छाटतात, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस कळी बरोबर तयार होते. रात्री वाजवीपेक्षा उबदार गेल्या, की कळी आधीच फुलते. विमानात चढायचे ते फूल मग स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला जाते. थंडी फार पडली, तर उलट उशीर होतो. सारा हिशोब दोन-चार अंशांचा, आणि त्यावर बायकांची हजेरी. तिकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठून पांढरे हिमकण दिसतात, आणि माणसे मुलांना उठवून पाहायला नेतात. आपल्या महाराष्ट्राचा बर्फ म्हणायचा तर तेवढाच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र गार, हे तिन्ही जमले तरच तो दिसतो.

आणि आपले लोणावळे? गुलमर्ग बर्फावर जगते, तसे आपण पावसावर जगतो. भुशीच्या धरणावर कणीस भाजणारी, भजी तळणारी, चिक्कीच्या दुकानात उभी राहणारी, खोल्या झाडून देणारी, या साऱ्या आपल्याच बायका. पाऊस महिनाभर लांबला, तर त्यांचीही गाडी भिंतीला उलटी टेकते. त्या गृहस्थांच्या तोंडी 'फसल' शब्द आला, तेव्हा मला भुशीच्या वाटेवरची आपली कणीसवाली दिसली. म्हणून मी म्हणते, हे दुःख दूरचे नाही.

पुढे काय झाले, ते सांगते. आम्ही परतलो आणि जानेवारीच्या अखेरीस तिकडे बर्फ पडला! भाचीच्या मोबाईलवर छायाचित्र आले. त्यात ते गृहस्थ, त्यांची गाडी आणि गाडीवर त्यांची मुलगी, सारे पांढऱ्यात. 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामने फेब्रुवारीत 21 ते 25 तारखांना तिथे झाले. मला आनंद झाला, आणि खोटे कशाला बोलू, थोडा रागही आला. पण 2025 साली पुन्हा तेच. फेब्रुवारीतले गुलमर्गचे सामने बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले आणि 9 ते 12 मार्चला झाले. मार्चचा बर्फ म्हणजे लग्न आटोपल्यावर आलेला आहेर. येतो खरा, पण टिकत नाही, लगेच वितळू लागतो.

आमच्या प्रवासाची व्यवस्था ज्यांनी केली होती, त्यांनी बर्फ न दिसल्याबद्दल एक पैसाही परत दिला नाही. शेजारणी म्हणतात, भांडायला हवे होते. पण ओढली नाही त्या गाडीचे पैसे न घेणारा माणूस पाहून आल्यावर मला भांडावेसेच वाटले नाही. ह्यांचे पैसे वाया गेले, असेही आता वाटत नाही. ह्यांनी पाहायचे ठरवलेले गाव मी पाहिले, आणि ते कशावर उभे आहे, तेही पाहिले.

आपण बायकांनी यात काय करावे? काश्मीरला थंडी पाठवणे आपल्या हाती नाही. दिवे-पंखे जपून वापरू, झाडे जगवू, हे आपण दरवर्षी म्हणतो आणि थोडेफार करतोही. मला त्यात एका लहान कामाची भर घालायची आहे. सासूबाईंच्या वहीसारखी एक वही मंडळात ठेवू. कोणत्या तारखेला पहिली गोधडी काढली, आंब्याला मोहर केव्हा आला, पावटा केव्हा फुलला, गुलाबाची तोडणी केव्हा लागली, पहिला पाऊस केव्हा, आणि अर्थातच हलव्याला काटा आला की नाही, हे जिला जसे दिसेल तसे तिने तारीख घालून लिहावे. भिंतीवर एक साधा तापमापक लावू आणि शाळकरी मुलींना रोज सकाळी त्याचा आकडा टिपायला सांगू. दहा वर्षांनी तुम्हांला हवेबद्दल बोलावे लागले, तर "पूर्वी थंडी फार असे" एवढेच म्हणून थांबावे लागणार नाही. वही उघडून दाखवता येईल.

वही मी आणली आहे. ती टेबलावर आहे, पेन्सिल दोरीने बांधली आहे, कारण मंडळातल्या पेन्सिली कुठे जातात ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या पानावर मी माझी नोंद केली आहे : '2024, काटा नाही.' पुढची पाने तुमची.